वळवळ थांबली की पडणारा साप

"वळवळू नकोस, पडशील!" स्टुलावर, पेरूच्या फांदीवर, स्कूटरच्या मागच्या सीटवर, मूल जिथे बसेल तिथे हे वाक्य त्याच्या पाठीमागे हजर असतं. वळवळ म्हणजे तोल जाणं आणि गप्प बसणं म्हणजे तोल सांभाळणं, हे लहानपणापासून आपल्या अंगात इतकं मुरलेलं असतं की याच्या उलटही काही असू शकेल अशी शंकाही येत नाही. पण दक्षिण आणि आग्नेय आशियाच्या दमट जंगलांत काही साप असे आहेत की ते झाडावरून हवेत झेप घेतात, हवेत असेपर्यंत सारखे वळवळत राहतात, आणि ती वळवळ थांबली तर त्यांचा तोल जातो. खाली तर ते तसेही येणारच असतात. प्रश्न येण्याच्या तऱ्हेचा आहे.

यातला एक साप आपल्या घरचा. उडता सोनसर्प. शास्त्रीय नाव क्रायसोपेलिया ऑर्नाटा. सिंधुदुर्ग, गोवा आणि तिथून खाली सह्याद्रीच्या कडेकडेने केरळपर्यंत तो आहे. शिवाय बंगाल, ईशान्य भारत आणि पुढे म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम. अंगाने दोरीसारखा बारीक, लांबीला साधारण मीटर-सव्वा मीटर. काळ्या आणि हिरवट पिवळ्या रंगांची जाळी, आणि सह्याद्रीतल्या सापांच्या पाठीवर मधोमध लाल-नारिंगी फुलांची रांग, कोणीतरी साडीच्या काठावर बुट्टे काढावेत तशी. या वंशात एकूण पाच जाती आहेत. त्यातली एक फक्त श्रीलंकेत सापडते असं कितीतरी वर्षं मानलं जात होतं. २०१५ साली ती आंध्रातल्या शेषाचलमच्या डोंगरांत असल्याची नोंद प्रसिद्ध झाली. डोंगराचं नावच शेषाचा डोंगर, आणि तिथे उडता साप निघावा! योगायोगाला कधीकधी चांगली विनोदबुद्धी असते.

आता 'उडता' या शब्दाचं आधी काहीतरी करायला हवं. हा साप उडत नाही. उडणं म्हणजे स्वतःच्या बळावर वर जाता येणं. चिमणी उडते, वटवाघूळ उडतं. घार पंख न हलवता घिरट्या घालते तेव्हाही ती तापलेल्या हवेच्या झोतावर वर चढत असते. सोनसर्पाला यातलं काही जमत नाही. जिथून झेप घेतली त्या उंचीवर तो परत हवेतून जाऊ शकत नाही, त्याला खोडावरूनच चढावं लागतं. तो करतो ते एवढंच की पडताना सरळ खाली न पडता तिरपा पडतो. हवेच्या अदृश्य उतारावरून घसरत येतो म्हणा.

तो उतार किती चढा यावर सगळं अवलंबून. तुमच्या घरातला जिना साधारण तीस-पस्तीस अंशांत असतो. या वंशातला सर्वांत तरबेज मानला जाणारा पॅरडाइज जातीचा साप झेपेच्या उत्तरार्धात सरासरी साधारण याच उताराने खाली येतो, आणि अंगात आल्यावर १३ अंशांपर्यंत. जिन्याच्या निम्म्याहूनही कमी. कागदावर हिशेब मांडा: दहा मीटर उंचीवरून ४५ अंशांत आलात तर दहा मीटर पुढे जाल, ३० अंशांत सतरा मीटर, १३ अंशांत त्रेचाळीस. प्रत्यक्षात एवढं अंतर पडत नाही, कारण झेपेच्या सुरुवातीला साप जवळजवळ दगडासारखा खाली येतो आणि वेग आल्यावरच त्याची वाट सपाट होत जाते. म्हणजे उंचीतला बराच भाग नुसता वेग कमावण्यात खर्च होतो. विमानालाही धावपट्टी लागते, सापाची धावपट्टी उभी असते इतकंच. वेग आला की तो सेकंदाला आठ ते दहा मीटर, म्हणजे ताशी तीस-पस्तीस किलोमीटर. गावातल्या रस्त्यावर समंजस माणूस स्कूटर चालवतो तेवढा.

ज्याला पंख नाहीत, हातपाय नाहीत, खारीसारखा कातडीचा पडदा नाही, जो मुळात एक लांब नळी आहे, त्याला हे जमतं कसं?

पहिला धागा फार जुना आहे. बोर्निओ बेटावरच्या सारावाक इथल्या संग्रहालयाचे प्रमुख राहिलेले रॉबर्ट शेल्फर्ड यांनी १९०६ साली या सापांवर एक टिपण लिहिलं. हवेतला साप पोट आत ओढून घेतो, खालून पोकळ होतो, हे त्यांनी नोंदवलं, आणि त्याची तुलना केली उभ्या चिरलेल्या बांबूशी. अख्खी बांबूची कांडी खाली टाकली तर ती पटकन पडते. तीच उभी चिरून अर्धी टाकली तर सावकाश उतरते. प्रयोगशाळा नाही, कॅमेरा नाही, पण निरीक्षण अचूक. मला अशी माणसं आवडतात.

आपल्याकडे बांबूपेक्षा जवळची उपमा आहे: नळीचं कौल. मंगलोरी नव्हे, त्याआधीचं, कुंभाराने चाकावर नळा काढून मधोमध चिरलेलं अर्धगोल कौल. साप हवेत जातो तेव्हा त्याचं अंग काहीसं त्या कौलासारखं होतं. वरून किंचित फुगीर, खालून पोकळ, दोन्ही कडा खाली वळलेल्या. हे घडतं फासळ्यांमुळे. सापाच्या मानेपासून गुदद्वारापर्यंत फासळ्यांच्या शेकडो जोड्या असतात, आणि आपल्यासारखं छातीचं हाड नसल्यामुळे त्या खालच्या टोकाला मोकळ्या असतात. सोनसर्प त्या फासळ्या पुढच्या बाजूला आणि वर फिरवून बाहेर पसरतो. नाग फणा काढतो तेव्हा मानेच्या फासळ्यांनी तेच करतो. फरक एवढाच की नागाचा फणा वीतभर, आणि हा साप मानेपासून शेपटीच्या बुंध्यापर्यंत सगळाच्या सगळा फणा होतो. अंगाची रुंदी जवळजवळ दुप्पट होते. शेपूट तेवढी गोलच राहते.

झेप घेण्याची पद्धतही पाहण्यासारखी. बहुतेक उडते प्राणी पायांनी रेटा देऊन सुटतात. याला पाय नाहीत. म्हणून तो शेपटीकडच्या भागाने फांदी पकडतो, पुढचं अंग खाली लोंबकळत सोडतो, त्याचं टोक वर वळवून गळाच्या आकड्यासारखं करतो, आणि मग तो आकडा एका झटक्यात वर आणि बाहेर फेकतो. शेवटी पकड सोडतो. हात न वापरता झोक्यावरून उडी मारण्यासारखंच हे. याच कुळातले त्याचे चुलत भाऊ हे करत नाहीत असं नाही: रुका साप फांद्यांमधलं अंतर उडी मारून पार करतात. हरणटोळ मात्र तसल्या भानगडीत पडत नाही. तो अंग काठीसारखं ताठ करून एका फांदीवरून दुसरीकडे सावकाश पोचतो.

आता हवेचं गणित. इथे जरा थांबू, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढू नये असं लिहिलेलं असतं आणि लहानपणी सगळ्यांनीच तो काढलेला असतो. तळहात जमिनीला समांतर धरला तर वारा नुसता वरून-खालून निघून जातो. अंगठ्याची कड जरा वर उचलली की हात वर ढकलला जातो. कारण तिरपा तळहात समोरून येणाऱ्या हवेला खाली वळवतो, आणि हवा खाली ढकलली की हात वर ढकलला जातो. या वर ढकलण्याला आपण उचल म्हणू. (ऊसतोडीच्या हंगामाआधी मुकादम देतो ती नव्हे, पण तीसुद्धा पुढे फेडावीच लागते हे साम्य आहे.) फेडायची कशी, तर हवा मागेही ओढते. हात जितका तिरपा, तितकी उचल जास्त, पण मागची ओढही जास्त. आणखी तिरपा केला की एक क्षण असा येतो की उचल एकदम जाते आणि हात फक्त मागे फेकला जातो. काय झालं? हाताच्या पाठीवरून वळसा घेऊन वाहणारी हवा चिकटून राहू शकली नाही, ती सुटली आणि तिथे नुसते भोवरे उरले.

विमानाच्या पंखाचंही हेच होतं, साधारण पंधरा अंशांच्या आसपास. म्हणून वैमानिक नाक फार वर उचलायला घाबरतात.

सापाच्या अंगाचा आकार या परीक्षेत किती गुण मिळवतो हे अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या जेक सोचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं. सोचा हे नाव या विषयात टाळताच येत नाही. विद्यार्थीदशेपासून त्यांनी या सापांचा पिच्छा पुरवला आहे. सिंगापूरमध्ये दहा मीटर उंच मनोऱ्यावरून पॅरडाइज सापांच्या उड्या चित्रित करून त्यांनी २००२ साली 'नेचर' या नियतकालिकात पहिला निबंध लिहिला. पुढे त्यांच्या गटाने सापाच्या पसरलेल्या अंगाच्या काटछेदाचा प्लास्टिकचा दांडा थ्री-डी प्रिंटरवर छापून घेतला आणि तो वाहत्या पाण्यात धरला. पाण्यात का? कारण त्याच आकाराच्या वस्तूभोवती हवा जशी वाहते तसंच पाणी वाहायला लावायचं असेल तर वेग सुमारे पंधरापट कमी लागतो. हवेत डोळ्याला न दिसणारी झटापट पाण्यात संथपणे बघता येते. २०१४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की या बेढब दिसणाऱ्या आकाराची उचल तिरपेपणा वाढवत नेला तरी जात नाही. ती ३५ अंशांपर्यंत टिकते आणि तिथेच सर्वांत जास्त असते. त्यापुढेही ती एकदम कोसळत नाही, हळूहळू उतरते. खाली वळलेल्या दोन कडांचा आणि त्यांच्यामधल्या पोकळीचा यात हात आहे. विमानाचा पंख सुंदर असतो पण नाजूक मिजाजाचा. सापाचा आकार ओबडधोबड पण निभावून नेणारा. खेड्यातली जीप आणि शहरातली स्पोर्ट्‌स कार यांच्यात जो फरक, तोच.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते: साप चपटा होतो आणि हवेत तरंगतो. संपलं. पण खरी गोम इथे नाही. चपटं होण्याने उचल मिळते, तोल मिळत नाही.

करून बघा. वहीच्या कागदाची एक लांब पट्टी कापा, बोटभर रुंद, वीतभर लांब. उंच धरून आडवी सोडून द्या. ती कौलासारखी शांत उतरत नाही. लांबीच्या अक्षाभोवती गरागरा फिरत, एकीकडे पळत खाली येते. तिच्यावर उचल आहेच, पण ती नेमकी मधोमध लागत नाही. कडेला थोडी जास्त लागली की पट्टी कलते, कलली की उचल आणखी एकीकडे जाते, आणि गिरकी सुरू होते. साप तर पट्टीपेक्षा वाईट परिस्थितीत आहे, कारण तो सरळसुद्धा नाही. हवेत त्याचं अंग नागमोडी असतं. डोकं एकीकडे, मधला भाग दुसरीकडे, शेपूट तिसरीकडे. अशा वेड्यावाकड्या वस्तूने हवेत दोन क्षणही सरळ राहू नये. विमानाला यासाठी शेपटीवर पंख असतात, पतंगाला कण्या नीट बांधाव्या लागतात, बाणाला पिसं लागतात. सापाकडे यातलं काहीच नाही.

त्याच्याकडे आहे ती वळवळ.

साप हवेत आला की त्याच्या अंगातून लाटा जायला लागतात, डोक्याकडून शेपटीकडे. वेग फार नाही, सेकंदाला एक-सव्वा लाट. पाहणाऱ्याला वाटतं बिचारा हवेत पोहतोय, किंवा पायाखालचं गेलं म्हणून घाबरून हातपाय मारतोय. पोहण्याची कल्पना तर सहज सुचते. जमिनीवरचा साप वळवळूनच पुढे जातो, दगड-गवताला अंगाने रेटा देत. पाण्यातही तसंच. मग हवेत का नाही? कारण सेकंदाला दहा मीटर वेगाने अंगावर येणाऱ्या हवेपुढे इतकी सावकाश लाट काय रेटा देणार! पुढे जाण्याचं काम गुरुत्वाकर्षण आणि उचल मिळून करत असतात. दुसरी शक्यता अशी की ही नुसती सवय आहे. सापाला वळवळण्याखेरीज येतंच काय, म्हणून हवेतही वळवळतो, त्याला अर्थ काही नाही. बरीच वर्षं हा प्रश्न असाच लोंबकळत होता.

तो सुटला एका नाट्यगृहात. व्हर्जिनिया टेकच्या कलाकेंद्रात 'द क्यूब' नावाचं एक काळ्या भिंतींचं, चार मजली उंच दालन आहे. नाट्य-संगीताच्या प्रयोगांसाठी बांधलेलं. सिनेमात नटाच्या अंगावर ठिपके लावून त्याच्या हालचाली टिपतात ते तंत्र तिथे उपलब्ध होतं. आयझॅक येटन, सोचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे वर, जवळजवळ साडेआठ मीटरवर, ओकच्या झाडाची फांदी बसवली, खाली जमिनीवर फोमच्या गाद्या अंथरल्या आणि उतरायला एक खोटं झाड उभं केलं. सापांच्या पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत ११ ते १७ चमकणारे ठिपके चिकटवले. भोवती २३ कॅमेरे. सात सापांनी शंभरावर उड्या मारल्या. नटांनी तालमीला एवढी हजेरी लावली तर दिग्दर्शक धन्य होतील.

कॅमेऱ्यांनी जे टिपलं ते साध्या डोळ्यांना कळणारं नव्हतं. साप एक नव्हे, दोन तऱ्हांनी वळवळत होता. पहिली लाट डावी-उजवीकडची, वरून पाहिल्यावर दिसणारी मोठी नागमोड. दुसरी वर-खाली, बाजूने पाहिल्यावर दिसणारी, आकाराने लहान. आणि दोघींचा ताल जुळलेला: आडवी लाट एक आवर्तन पुरं करते तेवढ्यात उभी लाट दोन करते. तबल्यावर एकपट आणि दुगुन एकाच वेळी चालू असावी तसं.

मग त्यांनी संगणकात एक साप बनवला. खऱ्या सापांच्या मापांवरून वजन, अंगाचा आकार, पाण्यातल्या प्रयोगातून मिळालेली उचलीची आकडेवारी, सगळं त्यात घातलं. हवेत सोडला. आणि मग खऱ्या सापाला कधीच सांगता येणार नाही ती गोष्ट त्याला सांगितली: वळवळू नकोस.

नागमोडी आकार तसाच ठेवून लाटा बंद केल्या, तेव्हा हा साप बऱ्याचदा काही क्षणांतच कलंडला. कधी एका कुशीवर वळला, कधी डोकं खाली आणि शेपूट वर. लाटा चालू केल्या की सावरला; शिवाय थोडा जास्त लांबही गेला. २०२० साली 'नेचर फिजिक्स'मध्ये हे प्रसिद्ध झालं.

यामागचं कारण समजायला स्वयंपाकघरात जाऊ. भाकरी तव्यावर टाकली आणि तशीच सोडून दिली तर काय होतं? चुलीचा जाळ कधीच सगळीकडे सारखा नसतो. एका बाजूला जास्त आच लागते, तिथे भाकरी करपते. म्हणून हाताशी सवय असलेली बाई भाकरी बोटाने सतत फिरवत राहते. आच असमानच असते, पण भाकरीचा कुठलाच भाग जास्त आचेवर फार वेळ राहत नाही. सरासरीने सगळी सारखी भाजते. सापाच्या अंगावरच्या उचलीचं तेच. कुठल्याही एका क्षणी ती असमान असते: समजा डावीकडचं वळण मोठं आहे, तिकडे अंग जास्त, म्हणून तिकडे उचल जास्त. साप उजवीकडे कलू लागतो. पण कलणं वाढायच्या आत लाट पुढे सरकलेली असते, आता मोठं वळण उजवीकडे आहे, उचल तिकडे जास्त आहे, आणि मघाशी सुरू झालेलं कलणं उलटं फिरतं. कुठलीच बाजू करपायला वेळ मिळत नाही.

यात एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. संगणकातला तो साप आंधळा होता. आपण कललो आहोत हे त्याला कळत नव्हतं, कळून दुरुस्ती करण्याची सोयही त्याच्यात नव्हती. डोंबारी दोरीवर चालतो तेव्हा त्याचा मेंदू क्षणाक्षणाला तोल मोजत असतो आणि हातातली काठी त्याप्रमाणे हलत असते. इथे तसं काही नव्हतं. ठरावीक तालाने वळवळत राहणं, बस्स. तोल त्या हालचालीतच होता. भोवरा उभा राहतो तोही तो विचार करतो म्हणून नाही, फिरतो म्हणून. (भोवऱ्याचं भौतिकशास्त्र वेगळं आहे, पण थांबला की आडवा होतो एवढं साम्य पुरे.) खरा साप अर्थातच आंधळा नसतो. तो हवेत असताना दिशा बदलू शकतो, वाटेतलं झाड टाळू शकतो, आणि हेही विमानासारखं एका बाजूला न कलता. पण त्याच्या मेंदूवरचं ओझं वळवळीने बरंच हलकं केलेलं असतं.

या संशोधनाची बातमी येते तेव्हा शेवटी एक वाक्य असतंच की यातून ढिगाऱ्याखालची माणसं शोधणारे यंत्र-साप बनतील. बनोत बापडे. पण साप कसा पडतो हे समजून घेण्यासाठी एवढी सबब लागू नये असं मला वाटतं.

आता एक व्यवहारी प्रश्न. आपला सोनसर्प या कामात पॅरडाइज सापापेक्षा डावा का? उत्तर बरंचसं आकारात आहे. कुठल्याही प्राण्याची लांबी-रुंदी-जाडी दुप्पट केली तर हवेला अडवणारा पसारा चौपट होतो, पण वजन आठपट. म्हणजे अंगाच्या प्रत्येक चौरस इंचावर दुप्पट ओझं. पॅरडाइज साप लहान आणि हलका, सोनसर्प मोठा आणि अंगाने भरलेला. एकाच जातीतसुद्धा लहान साप मोठ्यांपेक्षा चांगले तरंगतात. मुंगी कितीही उंचावरून पडली तरी उठून चालू लागते आणि हत्तीला खड्डासुद्धा महागात पडतो, त्यामागे हेच गणित आहे. त्यामुळे आंबोलीच्या वा गोव्याच्या रानात कोणी हा साप पाहिला आणि तो नुसता तिरपा पडल्यासारखा वाटला, तर बघणाऱ्याची चूक नाही. तो मोठा आहे.

हे सगळं आशियातच का, हा प्रश्न याहून मोठा आणि भांडणाचा. बोर्निओच्या एका जंगलात तरंगणारे साप, तरंगणारे सरडे, पाली, बेडूक, खारी आणि कोलुगो नावाचा पतंगासारखा पसरणारा सस्तन प्राणी, सगळे एकत्र नांदतात. दक्षिण अमेरिकेच्या अॅमेझॉनमध्ये एकही तरंगणारा सस्तन प्राणी नाही. तिथे त्याऐवजी शेपटीने फांदी धरणाऱ्यांची चलती आहे. एक मत असं की फरक वेलींचा आहे. अॅमेझॉनमध्ये झाडं जाडजूड वेलींनी एकमेकांना बांधलेली असतात, एका झाडावरून दुसऱ्यावर जायला पूल तयार असतात. आग्नेय आशियात वेली कमी, आणि झाडं उंच. डिप्टेरोकार्प कुळातली तिथली झाडं पन्नास-साठ मीटर सहज गाठतात, आणि खोडाला बऱ्याच उंचीपर्यंत फांदीच नसते. पूल नसेल तर उडी मारावी लागते, आणि उंची भरपूर असेल तर उडीला वेग कमवायला जागा मिळते. हे मत सगळ्यांना मान्य आहे असं नाही, पण उभ्या धावपट्टीचं गणित लक्षात घेता मला ते पटतं.

सह्याद्री त्या मोठ्या कुटुंबाची लहानशी शाखा म्हणता येईल. पावसाळ्यात आंबोलीला जाणाऱ्यांना पाण्यावर लटकलेल्या फेसाच्या घरट्याशेजारी हिरवागार मलबारी उडता बेडूक भेटतो. त्याच्या बोटांमधले लालभडक पडदे म्हणजे चार हवाई छत्र्या. गोव्यापासून दक्षिणेला उडता सरडा आहे. तो तर फासळ्यांचीच करामत करतो, पण सापाच्या उलट: त्याच्या काही लांबलेल्या फासळ्या अंगाबाहेर आलेल्या असतात आणि त्यांच्यावर कातडीचा पंखा ताणलेला असतो. आणि रात्री उडती खार.

सोनसर्पाची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण 'उडता' आणि 'साप' हे दोन शब्द एकत्र आले की माणसाचा हात काठीकडे जातो. हा निमविषारी साप आहे, हरणटोळ आणि मांजऱ्याच्या पंगतीतला. विषदंत जबड्यात मागे, विष पालीला गुंगी आणण्याएवढं. माणसाला त्याच्यापासून गंभीर धोका नाही. तो माणसाच्या अंगावर नेम धरून झेपावत नाही, डोक्यावर येऊन टाळू फोडत नाही. हे आरोप आपल्याकडे बिचाऱ्या हरणटोळावरही वर्षानुवर्षं आहेत. दिवसा हिंडतो, पाली-सरडे खातो, जमल्यास वटवाघूळ किंवा लहान पक्षी. आणि पाली जिथे, तिथे तो. त्यामुळे घनदाट रानातच दिसेल असं नाही. थायलंडमध्ये तर शहरातल्या बागांत आणि घरांच्या आढ्यातही तो सर्रास भेटतो. तिथल्या टोके नावाच्या दांडग्या पालीशी त्याची मारामारी झाली तर कधीकधी पालच त्याचं डोकं जबड्यात धरून बसते, आणि मग दोघांनाही सोडवत नाही.

झेप संपते कशी? बहुतेक वेळा अगदी साधेपणाने. खोडाला, झुडपाला किंवा नुसत्या जमिनीला अंग टेकतं, फासळ्या मिटतात, कौलाची पुन्हा नळी होते. पोटाच्या खवल्यांना दोन्ही कडांनी बारीक धारेची दुमड असते. ती सालीच्या खाचांत अडकवत साप सरळसोट खोडावर, जवळजवळ उभ्या रेषेत, परत वर निघतो. त्या वेळी त्याला पाहिलंत तर मघाशी तो हवेत होता याची एकही खूण अंगावर सापडणार नाही. एक बारीक, बुट्टेदार साप झाडावर चढतो आहे, एवढंच दिसेल.